गाण्याची प्रत आणि गाण्याचे धनी

१७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूर येथे गौहर जान यांचे निधन झाले. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांनी १९२८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांची दरबारी गायिका म्हणून नेमणूक केली होती. ती त्यांना जेमतेम दीड वर्ष लाभली. आझमगढ येथे १८७३ साली जन्मलेल्या व कलकत्त्यात कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या या गायिकेने उतारवयात एखाद्या संस्थानाचा आश्रय घ्यावा, यात त्या काळच्या रीतीप्रमाणे नवल काहीच नव्हते. नवल होते ते अन्य कारणाने. भारतात व्यापारी तत्त्वावर ध्वनिमुद्रण सुरू झाले नोव्हेंबर १९०२ मध्ये, आणि त्या पहिल्याच फेरीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांच्या कर्ण्यापुढे बसून ज्यांनी गायन केले त्यांत गौहर जान होत्या. पुढील सुमारे १८ वर्षांत दहाहून अधिक भाषांतील सहाशेच्या वर ध्वनिमुद्रिका त्यांच्या नावावर जमा झाल्या. गाणे संपताच त्या इंग्रजीतून आपले नाव उच्चारीत. मेणावर कोरलेले हे ध्वनी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथे त्यांच्या तबकड्या छापल्या जात. परक्या भाषेतील गाणे नेमके कोणाचे हे तेथील कामगारांना कळावे, एवढाच त्या उच्चाराचा मूळ हेतू होता.

त्या नावाच्या उच्चाराने तबकडीवरील आवाज कोणाचा हे सिद्ध झाले, परंतु तबकडी कोणाची हे मात्र त्याने ठरले नाही. मोबदला मिळे तो ध्वनिमुद्रणाच्या वेळी, एकरकमी. त्यानंतर एका तबकडीच्या शंभर प्रती खपल्या काय आणि दहा हजार खपल्या काय, गायिकेच्या प्राप्तीत त्यामुळे फरक पडत नसे. ध्वनिमुद्रिका ज्या कारखान्यात तयार होई त्याच्या धन्याकडे तिची मालकी जाई, आणि गायिका म्हैसूरच्या राजवाड्याकडे वळे. आजच्या पिढीने संगणकावरून व भ्रमणध्वनीवरून गाण्यांच्या फाईली एकमेकांना देण्यास आरंभ केला, त्यावरून न्यायालयांत खटले झाले, संसदेत कायदे दुरुस्त झाले आणि शासनांनी परिपत्रके काढली. हा वाद नीट समजून घ्यावयाचा असेल, तर तो इंटरनेटपाशी सुरू करून चालत नाही. गाण्याची प्रत निघू लागली त्या दिवसापासूनच त्याचा विचार करावा लागतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. इंग्रजीत ज्याला ‘कॉपीराइट’ म्हणतात व मराठीत आपण स्वामित्वहक्क म्हणतो, तो गाण्याच्या बाबतीत एकच एक हक्क नसतो. एका ध्वनिमुद्रिकेत निदान तीन वेगवेगळे हक्क एकावर एक रचलेले असतात: शब्दांचा, चालीचा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. मराठी वाचकाला परिचित असलेले उदाहरण घ्यावयाचे तर ‘गीतरामायणा’चे घेता येईल. १९५५ च्या एप्रिल महिन्यापासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे ही गीते प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकर यांचे, चाली सुधीर फडके यांच्या. भारतीय कायद्याप्रमाणे कवीचा व संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. माडगूळकर १९७७ साली निवर्तले, तेव्हा शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत चालेल. फडके यांचे निधन २००२ साली झाले, म्हणून चालींवरील हक्क २०६२ च्या अखेरीपर्यंत. ध्वनिमुद्रिकेची गणना मात्र माणसाच्या आयुष्यावरून होत नाही. ती प्रकाशित झाल्याच्या वर्षानंतर ६० वर्षे मोजावयाची. १९६४ साली प्रकाशित झालेली कोणतीही ध्वनिमुद्रिका २०२४ संपताच मुक्त झाली. तथापि ध्वनिमुद्रिका मुक्त झाली म्हणून तीत गायिलेले शब्द व चाल मुक्त झाली, असे समजणे चुकीचे ठरेल. एखाद्या उत्साही संग्राहकाने अशी तबकडी संगणकावर उतरवून सर्वांसाठी खुली केली, तर तिन्हींपैकी एका धन्याला विचारण्याची गरज उरलेली नसते, उरलेल्या दोघांना विचारावेच लागते. फाईलींच्या देवघेवीवर बोलताना जो ‘मालक’ हा शब्द सहज वापरला जातो, तो एकवचनी असतो ही त्यातली पहिली अडचण.

गायक या तिन्हींत कोठेच बसत नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश कायदा भारतास लागू झाला. त्यात ध्वनिमुद्रिकेला ५० वर्षांचे संरक्षण होते, गायकाला काहीच नव्हते. स्वतंत्र भारताने १९५७ साली आपला स्वतःचा कायदा केला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात गायकाचे स्थान बदलले नाही, उलट एक चमत्कारिक व्याख्या शिल्लक राहिली. ‘सांगीतिक कृती’ म्हणजे छापलेली, लिहिलेली अथवा अन्य रीतीने अंकित केलेली स्वररचना, असे कायद्याचे म्हणणे होते. ज्या देशात स्वरलिपी ही मुख्यतः शिकवणीच्या सोयीसाठी वापरतात, जेथे खयालाची बंदिश दोन ओळींची असते व उरलेला पाऊण तास गायकाच्या बुद्धीतून तेथल्या तेथे जन्म घेतो, त्या देशात कायद्याने संगीत शोधले ते कागदावर! ही व्याख्या युरोपातून आली होती, आणि तेथील संगीताला ती शोभतही होती. आपल्याकडे मात्र तिने त्या पाऊण तासाला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच ठेवले नाही.

या उणिवेची जाणीव न्यायालयाला झाली १९७७ साली. चित्रपटगीतांचे संगीतकार व गीतकार यांची संस्था एका बाजूला आणि पूर्व भारतातील चित्रपटव्यावसायिकांची संघटना दुसऱ्या बाजूला, असा तो वाद सर्वोच्च न्यायालयापुढे होता. निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गीत करवून घेतले असेल व करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर त्या गीताचा पहिला मालक निर्माताच होय, असा निर्णय झाला. निर्णयास सहमती देताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पुस्ती जोडली. भारतीय संगीतात ज्याच्यामुळे गाणे जिवंत होते त्या गायकाला कायद्याने वगळले आहे, इकडे त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. ही पुस्ती बंधनकारक नव्हती. संसदेला तिचा विचार करण्यास १७ वर्षे लागली.

न्यायालयाच्या आधीच हा प्रश्न मुंबईच्या चित्रसृष्टीत पेटला होता. १९६० नंतरच्या काही वर्षांत लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकाला गाण्याच्या विक्रीतील वाटा मिळावा असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचे मत निराळे होते: ठरलेला मोबदला घेतला की गायकाचा त्या गाण्याशी व्यवहार संपला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. आजही अनेक जण या प्रसंगाकडे दोन मोठ्या कलावंतांमधील रुसवा म्हणून पाहतात. वस्तुतः तो एका धोरणाविषयीचा वाद होता, आणि पुढे अर्धशतकाने कायद्याने जो पक्ष स्वीकारला तो लताबाईंचा होय.

आता प्रतीच्या तंत्राकडे वळू. लाखेची तबकडी घरी बनविणे कोणालाही शक्य नव्हते. तिला कारखाना, यंत्र व भांडवल लागे. म्हणून ग्रामोफोन कंपनीला चोरीची भीती फारशी बाळगावी लागली नाही. कॅसेटने ही परिस्थिती बदलली. दोन यंत्रे शेजारी ठेवली की घरच्या घरी प्रत निघे, आणि थोड्या अधिक यंत्रांत एक लहानसा धंदा उभा राही. १९८० नंतरच्या दशकात भारतातील बाजारपेठ एका कंपनीच्या हातून शेकडो लहानमोठ्या उत्पादकांच्या हाती गेली. त्यांतील कित्येक सरळ चोरटे होते. कित्येकांनी दुसऱ्या गायकाकडून तीच गाणी पुन्हा गाऊन घेऊन कायद्यातील पळवाट वापरली. संसदेने १९८४ मध्ये शिक्षा वाढविली: सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड. कॅसेटच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता छापणेही बंधनकारक झाले.

तथापि या काळाचा निवाडा केवळ चोरीचा काळ म्हणून करणे अन्यायाचे होईल. मोठ्या कंपनीच्या यादीत ज्यांना सहसा जागा मिळत नसे अशा भजनांना, कव्वाल्यांना, भीमगीतांना, लावण्यांना आणि जत्रेतील गाण्यांना कॅसेटने घर दिले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेडोपाडी, एस.टी. स्थानकावरच्या हॉटेलात आणि ट्रकच्या चालकाशेजारी पोहोचला तो कॅसेटच्या द्वारा. त्या प्रसारात अधिकृत प्रत कोणती व चोरटी कोणती, हे ऐकणाऱ्याला सांगता आले नसते व तो विचारीतही नसे.

कॅसेटच्या प्रतीत एक नैसर्गिक मर्यादा होती. प्रतीवरून प्रत काढली की खरखर वाढे, आणि चौथ्या-पाचव्या पिढीची कॅसेट ऐकवत नसे. संगणकाच्या फाईलीने ती मर्यादा नाहीशी केली. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे माप सेकंदास ४४,१०० वेळा, डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी घेतले जाते. तीन मिनिटांच्या गाण्याला त्यामुळे सुमारे ३२ मेगाबाइट जागा लागते. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा ज्यात मोठा वाटा होता, त्या एमपी-३ पद्धतीने माणसाच्या कानाला एरवीही जे ऐकू येत नाही ते गाळून टाकले. मोठ्या आवाजामागे लपलेला लहान आवाज आपण ऐकत नाही, हे त्यामागील तत्त्व. त्यामुळे तेच गाणे सुमारे तीन मेगाबाइटांत मावू लागले, आणि दूरध्वनीच्या संथ तारेवरूनही ते पाठविणे शक्य झाले. शंभरावी प्रत पहिलीइतकीच निर्मळ निघू लागली.

जून १९९९ मध्ये अमेरिकेत ‘नॅप्स्टर’ ही सेवा सुरू झाली. तिच्याजवळ गाण्यांचा साठा नव्हता. गाणी लोकांच्या स्वतःच्या संगणकांवर होती. कोणाजवळ काय आहे याची सूची तेवढी नॅप्स्टरने ठेवली होती. ग्रंथालयात पुस्तके नसावीत व केवळ तालिका असावी, आणि तालिका पाहून वाचकाने दुसऱ्या वाचकाच्या घरी जाऊन प्रत घ्यावी, अशातला हा प्रकार होता. ध्वनिमुद्रण कंपन्या न्यायालयात गेल्या. तालिकेमुळेच प्रती निघतात व सेवाचालकाला ते ठाऊक आहे, म्हणून तो जबाबदार आहे, असे न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये ठरविले आणि त्याच वर्षीच्या जुलैत ती सेवा बंद पडली. पुढच्या योजनांनी मध्यवर्ती सूचीच काढून टाकली. मग पकडावयाचे कोणाला? अमेरिकी कंपन्यांनी सप्टेंबर २००३ मध्ये सामान्य श्रोत्यांवर खटले भरावयास आरंभ केला. पहिल्याच दिवशी २६१ जणांवर दावे दाखल झाले व त्यांत १२ वर्षांची एक मुलगी निघाली. २००८ च्या अखेरीस हा उपक्रम कंपन्यांनी आपणहून थांबविला. फ्रान्सने २००९ मध्ये तीन सूचनांनंतर घरचे इंटरनेट तोडण्याची तरतूद केली आणि २०१३ मध्ये तोडण्याची शिक्षा मागे घेतली.

भारतात ही देवघेव प्रथम इंटरनेटवरून झालीच नाही असे म्हटले तरी चालेल. म्हैसूरचा सयाजीराव मार्ग असो वा कोल्हापूरचा महाद्वार रोड, भ्रमणध्वनीच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ घेणे ही आपल्याकडची रीत होती. येथे श्रोता पैसे देत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो फुकट्या नव्हता. त्याचे पैसे गाण्याच्या धन्याकडे पोहोचण्याची वाट मात्र कोणी बांधली नव्हती. इंटरनेटवरील संकेतस्थळांबाबत आपल्याकडे कंपन्यांनी श्रोत्यांच्या मागे न लागता न्यायालयाकडून बंदी मिळविण्याचा मार्ग धरला. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने १०४ संकेतस्थळे अडविण्यात आली.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की प्रत्येक फुकट प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री. विरोधकांचे उत्तर असे की ज्याने ती फुकट घेतली त्याने ती विकत घेतलीच असती असे नाही, आणि ऐकून आवडल्यावर माणूस पुढे पैसेही मोजतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि किती तथ्य आहे हे गाण्यागणिक व गावागणिक बदलते. परंतु प्रस्तुत लेखकाला या वादात सतत जाणवत राहते ते वेगळेच. दोन्ही पक्ष विक्रीविषयी बोलतात. ज्या पार्श्वगायिकेने, ज्या सारंगियाने, ज्या कोरसमधील मुलीने एकरकमी पैसे घेऊन पावतीवर सही केली, तिला वा त्याला विक्रीतून काहीच मिळत नव्हते. त्यांच्या दृष्टीने अधिकृत कॅसेट आणि चोरटी कॅसेट यांत फरक तो काय? कलावंताच्या पोटावर पाय येतो असे कंपन्या सांगत होत्या, तेव्हा त्या कलावंतांपैकी बहुसंख्यांचा त्या विक्रीशी कायदेशीर संबंधच उरलेला नव्हता.

हा संबंध निर्माण झाला तो टप्प्याटप्प्याने. १९९४ च्या दुरुस्तीने सांगीतिक कृतीची व्याख्या कागदापासून सोडविली व गायक-वादकांना प्रथमच स्वतःचा असा हक्क दिला. प्रारंभी त्याची मुदत २५ वर्षे होती. १९९९ मध्ये ती ५० करण्यात आली. तरीही चित्रपटासाठी गाण्यास एकदा संमती दिली की तो हक्क संपे, त्यामुळे ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्याच हाती तो लागत नव्हता. मोठा बदल झाला तो २०१२ साली. राज्यसभेचे सदस्य असलेले कवी जावेद अख्तर यांनी त्यासाठी हिरीरीने प्रयत्न केला, आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती संमत केली. गीतकार व संगीतकार यांनी आपला हक्क निर्मात्याला विकला, तरी चित्रपटगृहाबाहेरील वापरातून येणाऱ्या उत्पन्नातील वाटा त्यांना सोडून देता येणार नाही. तो फक्त वारसांच्या वा त्यांच्या संस्थेच्या नावे करता येईल, असे कायद्याने ठरविले. गायकांनाही व्यापारी वापरातील रॉयल्टी मिळण्याची तरतूद झाली. गरजू माणसाकडून हक्क लिहून घेतले जातात, हे कायद्याने येथे प्रथमच गृहीत धरले.

त्याच दुरुस्तीतील दुसरी एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. खाजगी उपयोगासाठी केलेला उचित वापर हा गुन्हा नव्हे, असे मूळ कायद्यात होते. पण ते साहित्य, नाट्य, संगीत व चित्रशिल्पादी कृतींपुरतेच. ध्वनिमुद्रिकेचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे १९८५ साली घरी बसून स्वतःच्याच तबकडीवरून स्वतःच्या ऐकण्यासाठी कॅसेट भरणारा गृहस्थ कायद्याच्या काटेकोर अर्थाने संरक्षित नव्हता! २०१२ पासून ध्वनिमुद्रिकाही त्या सवलतीत आली. अर्थात खाजगी उपयोग निराळा आणि हजार अनोळखी माणसांना फाईल उपलब्ध करून देणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला ही सवलत लागू होत नाही.

शासनापुढे याहून वेगळे मार्ग होते काय? जर्मनीने १९६५ मध्येच एक मार्ग शोधला होता. लोक घरी ध्वनिमुद्रण करणारच, तेव्हा त्यांना शोधत न बसता ध्वनिमुद्रण यंत्राच्या किमतीतच लहानसा आकार घालावा आणि तो पैसा कलावंतांच्या संस्थेमार्फत वाटावा. पुढे युरोपातील अनेक देशांनी कोऱ्या कॅसेटींवर व डिस्कांवर तसा आकार बसविला. मेमरी कार्ड भरणाऱ्या दुकानदाराचा विचार करता ही पद्धत भारताला उपयोगी पडली असती असे वाटते. पण ती आपल्याकडे आली नाही. ती येण्यास गोळा झालेला पैसा शेवटच्या सारंगियापर्यंत पोहोचविणारी विश्वासार्ह संस्था हवी होती, आणि आपल्याकडील हक्कसंस्थांच्या हिशेबांविषयी स्वतः कलावंतांच्याच तक्रारी दीर्घकाळ चालू होत्या.

आपल्या शासनांनी अनेकदा पत्राने काम भागविण्याचा प्रयत्न केला. २०१२ च्या दुरुस्तीने नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना ठरावीक दराने पैसे भरून कोणतेही प्रकाशित गाणे वाजविण्याची मुभा दिली होती. इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या सेवाही त्यात येतात, असे केंद्र शासनाच्या संबंधित विभागाने २०१६ मध्ये एका पत्रकाद्वारे कळविले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये टिप्स कंपनी व विंक यांच्यातील वादात ते अमान्य केले, आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तोच निर्णय कायम ठेवला. गोव्यातही असेच घडले. धार्मिक विधीच्या वेळी वाजविलेल्या संगीतास कायद्याने पूर्वीपासून सूट आहे, व लग्नाची वरात आणि तदनुषंगिक समारंभ त्यात येतात असे स्पष्टीकरणही त्याला जोडलेले आहे. या आधारे लग्नसमारंभात कोणी रॉयल्टीसाठी अडवणूक करू नये असे परिपत्रक गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये काढले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील पीठाने ते रद्द केले. कायद्यातील सवलतीचा विस्तार परिपत्रकाने करता येत नाही, असे त्याचे कारण. हॉटेलातील मेजवानी धार्मिक विधीत मोडते किंवा नाही, हे ज्या त्या प्रकरणात न्यायालयच ठरविणार.

म्हैसूरकडे पुन्हा वळावयाचे ते एका निराळ्या प्रयोगासाठी. कृष्णराजांच्या नंतर गादीवर आलेले त्यांचे पुतणे जयचामराज वडियार हे पियानोवादनाचे जाणकार होते. लंडनमध्ये आजारपणात व विस्मरणात दिवस कंठीत असलेल्या निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना त्यांना अतिशय प्रिय होत्या. १९४६ मध्ये त्यांच्या आश्रयाने मेट्नर सोसायटी स्थापन झाली, आणि स्वतः मेट्नर यांनी वाजविलेल्या त्यांच्या रचना ग्रामोफोन कंपनीने महाराजांच्या खर्चाने ध्वनिमुद्रित केल्या. मेट्नर यांनी आपला तिसरा पियानो कन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये ते निवर्तले. तो संगीतकार आज त्याच्याच बोटांतून ऐकू येतो याचे श्रेय त्या खर्चाला आहे. विक्रीतून खर्च निघेल किंवा नाही याची चिंता येथे कोणी केलीच नव्हती. कलावंताला काम करतानाच पैसे मिळाले. राजाश्रयाचा हा गुण मानला पाहिजे. पण महाराजांना मेट्नर आवडले म्हणून हे झाले. ज्याचे संगीत कोणत्याच महाराजाला आवडले नाही त्याचे काय, या प्रश्नाला या पद्धतीत उत्तर नाही. आकाशवाणीने पुढे शेकडो कलावंतांना काम दिले, त्यात हीच पद्धत थोडी अधिक न्याय्य रूपात आली असे म्हणता येईल.

मुदतीचा प्रश्नही धोरणाचाच आहे. भारतात ती ५० वर्षांवरून ६० झाली १९९२ मध्ये, आणि तिचे निमित्त संगीताच्या बाजाराशी संबंधित नव्हते. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार व विश्वभारतीचे उत्पन्न थांबणार होते. म्हणून वर्षाच्या शेवटी अध्यादेश निघाला. त्याची मुदतवाढ सर्वांनाच मिळाली, ध्वनिमुद्रिकांच्या मालकांनाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रिकांची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली. अमेरिकेत तर १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रिका राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांत अडकून पडल्या होत्या. २०१८ च्या कायद्याने १९२३ पूर्वीच्या ध्वनिमुद्रिका १ जानेवारी २०२२ रोजी एकदम मुक्त केल्या. गौहर जान यांनी १९०२ साली गायिलेली तबकडी भारतात १९५० नंतर अल्पावधीतच मुक्त झाली होती.

मुक्त झाली, परंतु ती मिळावी कोठे? १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कलकत्ता येथील राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. १९५६ मध्ये वृत्तपत्रांचाही त्यात समावेश झाला. ध्वनिमुद्रिकांसाठी असे बंधन कधीच घालण्यात आले नाही. लाखेच्या तबकड्या फुटल्या, साचे मोडीत गेले, कंपन्यांनी आपल्याच जुन्या याद्या जपल्या नाहीत. जे उरले ते बहुतांशी चोरबाजारांतून व अडगळीतून तबकड्या उचलणाऱ्या संग्राहकांमुळे. ते एकमेकांना कॅसेटीवर आणि नंतर फाईलींच्या रूपाने प्रती देत राहिले, व त्यांतील कित्येक प्रती निघाल्या त्या वेळी कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद होत्या. गौहर जान यांचे चरित्र लिहिणारे विक्रम संपत यांनी पुढे जुन्या भारतीय ध्वनिमुद्रिकांचा जो खुला संग्रह उभा केला, त्यालाही अशा खाजगी संग्रहांचा आधार घ्यावा लागला.

सार्वजनिक ग्रंथालयांना या कामी २०१२ च्या दुरुस्तीने एक दार उघडून दिले आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कोणत्याही कृतीची संगणकीय प्रत साठविता येते, मग तिच्यावरील हक्काची मुदत संपलेली असो वा नसो. अट एकच आहे: त्या कृतीची मूळ, संगणकपूर्व स्वरूपातील प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असावी लागते. जिल्ह्याच्या गावी एखाद्या वकिलाच्या वा डॉक्टरच्या घरातून १९७० सालच्या तबकड्यांचे खोके ग्रंथालयाला देणगी म्हणून येते, आणि जागेअभावी ते नाकारले जाते, तेव्हा त्या खोक्याबरोबर जतनाचा हा अधिकारही परत जातो.